ताण तोडायचं पाणी

दोन उन्हाळ्यांमागे नागपूरच्या कुठल्याशा कॉलेजातली एक पोरगी आमच्या ओट्यावर येऊन बसली. तिला गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारायचे होते. पाऊसपाणी बदलतंय हे तुम्हाला जाणवतं का, असं तिने आधी विचारलं. मी म्हटलं, बाई, माझ्या जाणवण्यावर काय आहे, मागे जाऊन झाडं बघ. मग तिने मुख्य प्रश्न काढला. जगातल्या सरकारांनी हा प्रश्न कसा हाताळला? चांगला, बरा, की वाईट?

"कोणतं सरकार?"

"सगळी, आजी. आपलं, बाहेरच्या देशांची."

"बाहेरच्या देशाचं मले काय माहीत? मी एकदा महादेवाले पचमढीले गेली होती. तेवढंच माझं बाहेर."

"पण टीव्हीवर बघत असाल ना?"

"पाहतो न. दरवर्षी सारे जमा होतात कोट घालून. एक म्हणते तू पयले थांब. दुसरा म्हणते तूच पयले थांब. मंग जेवतात अन् घरी जातात."

पोरगी हसली. "मग वाईट लिहू?"

"लिही का त्याइले ताण देता येत नाही."

तिला काही कळलं नाही. तिने 'वाईट' समोर खूण केली, चहा प्यायली आणि पुढच्या घरी गेली. पोरगी चांगली होती, तिचा दोष नाही. पण माझं बोलणं अर्धं राहिलं आणि जे बोलले तेही पुरतं खरं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. माझी शाळा पांढुर्ण्याला चौथीपर्यंत झाली. लग्न होऊन सौंसरकडच्या या गावात आले, ती इथलीच झाले. लिहायची सवय नाही, पण जे झालं ते सरळ सांगता येतं.

आधी ताण म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

संत्र्याच्या झाडाला नुसतं पाणी देत राहिलं तर ते पानं काढत बसतं. फळ धरतं, पण इथे चार, तिथे दोन. सगळं झाड एकदम फुलावं असं वाटत असेल तर त्याला आधी तहानलेलं ठेवावं लागतं. मृगाचा बहार घ्यायचा तर ऐन वैशाखात पाणी बंद. जमीन भेगाळते, पानं मुडपतात, काही पिवळी पडून गळतात. विहिरीत पाणी दिसत असतं, आणि तरी द्यायचं नाही. यालाच ताण देणं म्हणतात. मग मृगाचा पाऊस आला की झाड असं फुटतं की पानांपेक्षा फूल जास्त. पाऊस लांबला तर विहिरीचं पाणी देऊन ताण तोडायचा.

आमच्या घरी ताण सासू द्यायची. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला. सासरे मनाचे मऊ. ते दुपारी बगीच्यात चक्कर मारून यायचे आणि म्हणायचे, "दे व थोडंसं. मरून राहिले झाडं."

"मरत नाहीत. तुमी घरी जा, दही खा."

"पान पाहिले का कसे झाले?"

"पाहिले. झाडाची दया आली का बहार गेला समजा."

शेजारच्या बगीच्यात कोणी घाबरून आधीच पाणी सोडलं की त्याची झाडं आठ दिवसांत हिरवीगार दिसायची. रस्त्यावरून जाणारे म्हणायचे, वा, काय बगीचा आहे. फळाच्या वेळी तो आमच्या बगीच्यात येऊन नुसता उभा राहायचा.

त्या पोरीला मी म्हटलं ते या अर्थाने. सरकारला ताण देता येत नाही. पानं जरा मुडपली की ते पाणी सोडतं, आणि मतदान जवळ असलं तर जास्तच सोडतं. सगळं हिरवं दिसतं. लोक वा म्हणतात. पुढे काय होणार ते पुढच्या सरकारने बघावं. एवढं मला पुष्कळ वर्षांपासून कळत होतं आणि मी ते चारचौघांत बोलायचे. पण ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी मला धाकट्या जावेच्या बगीच्यात कळली.

माझा नवरा आणि तिचा नवरा सख्खे भाऊ. दोघंही आता नाहीत. ते असतानाच वाटणी झाली. वावराच्या मधोमध धुरा पडला, बांध घातला, घरं वेगळी झाली. विहीर तेवढी वाटता येत नाही, ती सामायिक राहिली. एक दिवस त्यांची पाळी, एक दिवस आमची. आमच्या भागात असंच असतं. भाऊ बोलत नसले तरी पाळी चुकत नाही. आम्ही जावा तर बोलत होतो. ती बोलायची, मी ऐकायचे, आणि मधूनच मी काही तोडून बोलले की ती हसायची.

तिचा नवरा गेला तेव्हा तिच्या वाट्याच्या वावरात नुसता कापूस होता. मुलगा बोरगावच्या कारखान्यात लागला, त्याचा शेतीत जीव नव्हता. लोक म्हणाले, ठेक्याने देऊन टाक. तिने कलमं आणून लावली. पहिली दोन वर्षं पाळीचं पाणी पुरलं नाही की घागरीने पाणी घालायची. मी म्हटलं, या वयात संत्रा लावून राहिली, फळ खायले तू राहशील का? ती म्हणाली, "मी नाही राहिली तं तुमी खाजा. तुमी काही लवकर जात नाही." झाडं तिने पोरांसारखी नाही वाढवली, पोरांपेक्षा नीट वाढवली.

या काळात गावात बोअर येत होते. आधी एक खातं सांगून गेलं की बोअर मारा, सवलत आहे. मग दुसरं खातं सांगून गेलं की पाणी खोल चाललंय, जपा. दोन्ही साहेब एकाच जीपमधून उतरले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लोकांनी पहिल्याचं ऐकलं. दुसऱ्याला चहा पाजला.

मग वरच्या शिवारातल्या विहिरी माघातच खडखडीत होऊ लागल्या. वरचे म्हणायचे, खालच्यांनी बोअर मारले म्हणून आमचं पाणी गेलं. खालचे म्हणायचे, पहिला बोअर वर झाला, आठवा. पावसाचंही काही खरं राहिलं नव्हतं. हवं तेव्हा नाही, आणि संत्रा उतरवायच्या वेळी गारा. शेवटी गावानेच ठरवलं. सरकारने नाही, गावाने. मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या, ओट्यापाशी सगळे जमले आणि ठरलं की विहिरींचं पाणी पुन्हा चांगलं वर येत नाही तोवर कोणी नवा बोअर मारायचा नाही. एकेकाने ओट्यावर हात ठेवला, नारळ फुटले. बौद्ध वस्तीतली माणसं म्हणाली, आम्ही नारळ फोडत नाही, आमचा शब्द धरा. त्यांनी तो शेवटपर्यंत पाळला. मीही हात ठेवला. जावेने ठेवला. माझ्या मुलाने ठेवला. सरपंचाने तर भाषण केलं.

मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. मला वाटलं, हा खरा ताण. सगळ्या गावाने मिळून दिलेला. टीव्हीवरच्या कोटवाल्यांना जे जमत नाही ते आमच्या गावाला जमलं. एवढा गर्व मला कधी लेकराबाळांचा झाला नाही.

एक पावसाळा गेला. पाणी थोडं वर आलं. थोडंच, पण आलं.

पुढच्या वर्षी मतदान होतं. मतं मागायला आलेला कोणीतरी पुढारी गावाला पिण्याच्या पाण्याचा बोअर देऊन गेला. पिण्याच्या पाण्याला नाही कोण म्हणणार? मशीन आलं, बोअर झाला. झाला कुठे, तर सरपंचाच्या भावाच्या बगीच्याला लागून. गावाला सकाळी पाणी मिळायचं आणि उरलेला दिवस ते पाणी कुठे जायचं हे विचारायला कोणी गेलं नाही. न विचारताच सगळ्यांना माहीत होतं. महिन्याभरात आणखी दोन ठिकाणी मशीन लागलं. त्यांनीही पिण्याचंच सांगितलं.

चैत्रात जाऊ माझ्याकडे आली. मी डाळ पाखडत होते. ती समोर बसली, सूप माझ्या हातातून घेतलं आणि पाखडायला लागली. तेव्हाच समजले, काहीतरी मागायला आली आहे.

"जाऊबाई, पोरगं म्हणते बोअर मारून घे. पैशाचं तो पाहतो म्हणते."

"अन् तू काय म्हणते?"

"मी म्हणतो, मोठीले विचारून सांगतो. तुमी नाही म्हणान तं नाही मारत."

"नाही."

"अवं, जरा इचार तं करा बोलायच्या पयले."

"इचार ओट्यावर हात ठेवला तेव्हाच झाला."

"सरपंचाच्या भावानं नव्हता का ठेवला?"

"त्यानं शेण खाल्लं म्हणून आपण ताट मांडून बसाचं का?"

ती हसली. तिने डाळीतले चार खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "तुमच्याशी बोलण्यात कोण जिंकन बाप्पा. जाऊ द्या. यंदा मृगाचा धरतो. आपली विहीर हाय न. पाऊस लांबला तं विहीर तोडन ताण."

"हो. विहीर हाय," मी म्हटलं.

तिची झाडं त्या वर्षी पहिल्यांदा भरून बहार धरण्याजोगी झाली होती. तिच्यासाठी खरं वर्ष तेच होतं, आणि ते तिने माझ्या एका शब्दावर ठेवलं.

वैशाखात तिने पाणी बंद केलं. त्याच सुमारास पांढुर्ण्याला माझ्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिच्याकडे करायला कोणी नव्हतं म्हणून मी गेले आणि काही दिवस राहिले. परत आले ती दुपारच्या बसने. फाट्यावर उतरून पायवाटेने येत होते तर आमच्या वावरात पांढरं पांढरं दिसलं. बोअर मारताना खालच्या दगडाचा भुगा वर येतो, ओला असतो, वाळला की राखेसारखा दिसतो. तो आमच्या धुऱ्यापर्यंत पसरला होता.

मुलगा पाइप जोडत होता. मला बघून उठला नाही.

"हे काय केलं?"

"बोअर मारला."

"ते दिसून राहिलं. काहून मारला?"

"माय, तू घरी असती तं नाही म्हटली असती."

"म्हणून मी गेल्यावर?"

"मंग काय करू?" आता तो उठला. "साऱ्या गावानं मारले. खाली पाणी एकच हाय. आपण नाही ओढलं तं दुसरा ओढन. आपल्या नावानं कोणी शिल्लक ठेवते का? सांग न, ठेवते का कोणी?"

माझा मुलगा वाईट नाही. दारू नाही, सट्टा नाही, मला उलट बोलत नाही. त्याने जे विचारलं तेच टीव्हीवरचे मोठे देश विचारतात. आम्ही कोळसा-तेल नाही जाळलं तर दुसरा जाळेल, आम्ही एकट्याने कशाला थांबायचं? मी इतकी वर्षं त्यांना नावं ठेवली, आणि तोच सवाल माझ्या वावरात पाइप हातात घेऊन उभा होता.

संध्याकाळी जावेकडे गेले. ती अंगणात बाजेवर वाळलेल्या शेवया गोळा करत होती.

"आल्या का? बहिणीचा डोळा कसा हाय?"

"बरा हाय. अवं, आमच्या पोरानं..."

"मशीनचा आवाज ऐकला न मी. अख्खा दिवस. धुऱ्याच्या अलीकडंच तं माझं वावर हाय."

"मले माहीत नव्हतं. मी घरी नव्हती."

"हो न. पांढुर्ण्याले गेल्या होत्या तुमी." तिने डबा हलवून शेवया खाली बसवल्या. "मुहूर्त चांगला पाहून गेल्या."

असं ती मला आधी कधी बोलली नव्हती. मी रागावले नाही. तिच्या जागी मी असते तर यापेक्षा वाईट बोलले असते. मी म्हटलं, "माझं सोड. तू उद्याच पाणी दे. ताण तोड. विहिरीत अजून हाय थोडं."

"आता तोडला तं पानं येतीन. वर्षभर मी काय पानं खाऊ?"

"झाडं तं राहतीन."

"तुमीच म्हणता न, दया आली का बहार गेला."

ते माझं नव्हतं, सासूचं होतं, पण मी घरादाराला ऐकवून ऐकवून माझं करून ठेवलं होतं. जाऊ थांबली. मृगाची वाट बघत थांबली, जशी सासू थांबायची, जसं आम्ही सगळे थांबायचो.

मृग कोरडा गेला. रोज दुपारी आभाळ भरायचं आणि वारा ते पुढे ढकलून न्यायचा. जावेने विहिरीत मोटार लावली तर ती थोडा वेळ गढूळ पाणी ओढून हवा ओढायला लागली. बोअरने विहिरीचे झरे खालूनच ओढून घेतले होते. असं होतं हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त आपल्या विहिरीचं होईल असं कोणाला वाटत नाही.

मी मुलाला म्हटलं, बोअरचं पाणी काकूच्या बगीच्यात सोड. तो तयार होता, खोटं कशाला बोलू. मीच विचारायला गेले तर जाऊ म्हणाली, "ते पाणी माझ्याच विहिरीतलं हाय, जाऊबाई. ते मले तुमच्या पोराच्या हातून उपकार म्हणून कायले देता? नाही पायजे."

मी म्हटलं, आता अकड दाखवायची वेळ नाही. ती आत निघून गेली.

चार-पाच दिवसांनी मुलाने कोणाला न विचारता धुऱ्यावरून पाइप टाकला. तिने तो पाहिला, पण काढून फेकला नाही. धुऱ्यालगतच्या दोन ओळींना पालवी फुटली. बाकीच्या झाडांची पानं मुडपलेलीच राहिली, मग वाळली, मग फांद्याही मोडल्या तर कट् आवाज यायला लागला. आत ओल नव्हती. पाऊस नंतर आला. भरपूर आला. वाळलेल्या झाडांवर आला.

झाडं तिने दिवाळीनंतर तोडून घेतली. संत्र्याचं लाकूड पिवळसर असतं आणि जळतं चांगलं. ती ते वर्षभर चुलीत घालत होती. गॅस असूनही. मी एकदा म्हटलं, धूर कशाला खाते? ती म्हणाली, "माझे हायेत, मी जाळतो." तिथे आता पुन्हा कापूस आहे.

त्या पोरीला जे सांगायचं राहिलं ते हे. ताण आणि मरण दिसायला सारखंच असतं. पान तसंच मुडपतं, जमीन तशीच तडकते. फरक एवढाच की ताणाच्या शेवटी पाणी असतं आणि ते कोणीतरी राखून ठेवलेलं असतं. माझ्या सासूला ताण देता यायचा याचं आम्ही कौतुक करायचो. पण ती नुसत्या हिमतीवर ताण देत नव्हती, विहिरीच्या जोरावर देत होती. विहिरीत पाणी आहे आणि ते कोणी नेणार नाही हे तिला माहीत होतं. मोठी सरकारं आपल्याला सांगतात, आता सोसा, म्हणजे पुढच्यांचं भलं होईल. सोसायला माणसं तयार असतात. आमचं गाव तयार होतं, मी पाहिलं आहे. पण जो सोसतो त्याच्या वाटचं पाणी दुसरा ओढून नेणार नाही, हे बघायचं काम कोणाचं? ते काम ज्यांचं होतं त्यांनीच पहिलं मशीन आणलं. म्हणून आमच्याकडे झाडं वाळली ती शब्द मोडणाऱ्यांची नाहीत. सरपंचाच्या भावाचा बगीचा उभा आहे. माझ्या मुलाचा उभा आहे.

मी जावेला नाही म्हटलं ते चूक होतं असं मला अजून वाटत नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा नाहीच म्हणेन. पण बरोबर असून काय मिळालं ते मला रोज धुऱ्यापलीकडे दिसतं. माझ्या बरोबर असण्याची किंमत तिने दिली. मला काही द्यावं लागलं नाही. याचा न्याय कसा करायचा ते मला समजत नाही, आणि सरकारांचा न्याय करायला निघाले की मी इथे येऊन अडते.

यंदाच्या हिवाळ्यात पुन्हा ग्रामसभा झाली. आता पांढुर्णा जिल्हा झाला आहे, साहेब लोकांना जवळ पडतं. एक तरुण साहेब आला. चांगला बोलला. पाणी किती खोल गेलं ते त्याने हाताने जमिनीकडे दाखवून सांगितलं, आणि त्याला खोटं कोणी म्हटलं नाही, कारण आता बोअरच धापा टाकत होते. आमचा बोअर दुपारी पाणी टाकता टाकता खोकायला लागतो. साहेब म्हणाला, गावाने ठराव करावा, नवे बोअर बंद आणि जुन्यांना वेळ ठरवून द्यायची. सरपंच उठला. सरपंच तोच आहे. म्हणाला, "ज्याइले मंजूर हाय त्याइनं हात वर करा."

मी केला. बौद्ध वस्तीतल्या पाच-सहा जणांनी केला. दोन-तीन म्हाताऱ्यांनी केला. बाकीचे एकमेकांकडे बघत होते. माझा मुलगा सरपंचाच्या भावाकडे बघत होता आणि सरपंचाचा भाऊ चपलेचा पट्टा नीट करत होता.

जाऊ बायकांमध्ये मागे बसली होती. सरपंचाने तिला विचारलं, "काकू, तुमाले मंजूर नाही का?"

ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "माझ्या हाताचं काय करतं, बाबू? माझ्याजवळ ना बोअर ना विहीर. मी तं अजून दोन हात वर करतो. ज्याच्या वावरात बोअर हाय त्याले विचार. तुझ्या भावाले विचार. अन् आमच्या पुतण्याले विचार."

लोक हसले. माझा मुलगा खाली बघत होता. मी त्याला म्हटलं, "कर हात वर."

"त्याइनं पयले करावा, मंग मी करतो," तो म्हणाला.

"मी का पयले?" सरपंचाचा भाऊ म्हणाला. "साऱ्याइनं एका वेळी करा न."

एका वेळी कोणीच केला नाही. साहेब घड्याळाकडे बघत होता, त्याला आणखी एका गावाला जायचं होतं. सरपंच म्हणाला, यावर पुढच्या सभेत बसू, घाईत नको. मग सचिवाने मोबाइल काढला. वर पाठवायला फोटो लागतो. "सगळ्यांनी हात वर करा हो, फोटोपुरते. सभा झाली एवढं दिसायला पाहिजे."

सगळ्यांनी हात वर केले. सरपंचाने, त्याच्या भावाने, माझ्या मुलाने. कोणी तर दोन्ही हात वर केले आणि हसले. माझा हात मघापासून वरच होता, तो मी खाली घ्यायला विसरले आणि त्याच फोटोत आला. जाऊ तेवढ्यात उठून चालायला लागली होती.

मी तिच्या मागे निघाले. नाल्याजवळ तिने चाल मंद केली, माझ्यासाठी की पायात काटा गेला म्हणून ते माहीत नाही.

"तुमचा होता का हात वर?" तिने मागे न बघता विचारलं.

"होता."

"चांगला आला असन फोटो," ती म्हणाली आणि पुढे गेली.